पाळीनंतरचा वर्ग

महाराष्ट्रात प्रौढांचा वर्ग प्रथम भरला तो दिवेलागणीनंतर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा काढली. सात वर्षांपूर्वी मुलींची शाळा काढताना त्यांना समाजाच्या विरोधाशी झुंजावे लागले होते. रात्रशाळेपुढची पहिली अडचण निराळी होती: दिवसभर राबणाऱ्या माणसाचा दिवस त्याच्या मालकीचा नसतो. म्हणून शाळेनेच आपली वेळ त्याच्या कामाप्रमाणे लावून घेतली.

पुणे सेवासदनाने १९०९ पासून हेच स्त्रियांसाठी केले. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालच्या या संस्थेत विवाहित आणि विधवा स्त्रिया घरकाम आटोपून येत, त्यामुळे त्यांचे वर्ग दुपारी भरत. लिहिणे-वाचणे, शिवण, प्रथमोपचार आणि परिचारिकेचे काम तिथे शिकवले जाई. शिकलेले हाताला काम देईल, हा भरवसा या बायकांना शाळेच्या दारापर्यंत आणी. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्तीत रात्रशाळा, वाचनालये आणि फिरती ग्रंथालये चालवली. पुढे बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९३९ मध्ये, मुंबई शहरासाठी प्रौढशिक्षण समिती नेमली गेली आणि या कामाला सरकारी पाठबळ मिळाले.

एवढ्या काळात वर्गाची वेळ आणि जागा बदलली, पण शिकवणारा बहुतेक वेळा बाहेरचाच राहिला. मुलांना शिकवण्याची सवय असलेला मास्तर चाळिशीच्या माणसापुढे तीच बाराखडी त्याच सुरात म्हणून घेऊ लागला, की वर्ग रोडावत जाई. कर्त्या माणसाला चुकल्याची लाज मुलापेक्षा कितीतरी जास्त वाटते. ती ओळखणे हा प्रौढांना शिकवण्यातला सगळ्यात नाजूक भाग आहे.

या प्रश्नाला दोन मोठी उत्तरे १९५८-५९ या एकाच सुमाराला मिळाली. पहिले कारखान्यांतून आले. फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने आलेल्या तज्ज्ञांच्या शिफारशींवर १९५७ मध्ये चर्चा झाली आणि १९५८ मध्ये केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नागपूरला आले. मंडळाची रचना तीन पायऱ्यांची होती. आधी शिक्षण अधिकारी तयार करायचे. त्यांनी प्रादेशिक केंद्रांत निवडक कामगारांना सुमारे तीन महिने पूर्णवेळ प्रशिक्षण द्यायचे. हे ‘श्रमिक शिक्षक’ आपापल्या कारखान्यात परतून सहकाऱ्यांचे वर्ग घ्यायचे. कामगार कायदे, संघटनेचे काम, उत्पादन, वेतन हे विषय स्थानिक भाषेत, चर्चा आणि प्रत्यक्ष प्रसंगांच्या आधारे मांडले जात. काल शेजारच्या यंत्रावर उभा असलेला माणूस आज फळ्यापुढे उभा राही, त्यामुळे प्रश्न विचारताना कुणाचा घसा कोरडा पडत नसे. प्रौढशिक्षणाच्या सगळ्या इतिहासात ही कल्पना सर्वांत दूरदृष्टीची मानावी लागेल. शिकवण्याचे कौशल्य हे केवळ मास्तरकीचे वतन नाही, साध्या कामगारालाही ते नीट शिकवता येते, हे तिने गृहीत धरले.

दुसरे उत्तर साताऱ्यातून आले. १९५९ मध्ये त्या जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत ती राज्यभर पसरली. इथे एकेका माणसाऐवजी अख्खे गाव साक्षर करण्याचा संकल्प सोडला जाई. प्राथमिक शिक्षक आणि गावातले शिकलेले तरुण वर्ग घेत. सुमारे चार महिन्यांत वाचन, लेखन आणि हिशेब पुरा करायचा, मग परीक्षा, आणि शेवटी ग्रामगौरव समारंभ. अंगठा उठवणारा माणूस सगळ्या गावादेखत सही करी. एकट्याची लाज गावाच्या अभिमानात विरघळवण्याची ही युक्ती विलक्षण होती, आणि तिच्यामुळेच मोहिमेला एवढा वेग आला. उणीव पुढच्या टप्प्यात होती. वर्ग संपल्यावर वाचायला काही हाती नसेल, तर अक्षरे पुसट होत जातात. नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेकडे वळण्याचा धोका सातारच्या अनुभवाने ठळक केला.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रमात एका केंद्रावर साधारण तीस जण आणि सुमारे दहा महिन्यांचा अभ्यास असे गणित होते. शेतीच्या हंगामात एवढी सलग हजेरी टिकवणे अवघड होते. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने पाठाची आखणीच बदलली. अभ्यास दोनशे तासांवर आणला, एका प्रवेशिकेच्या जागी चढत्या क्रमाच्या तीन प्रवेशिका आल्या आणि प्रत्येकीत चाचण्या गुंफल्या गेल्या. शिकणाऱ्याला आपली प्रगती स्वतः तपासता येऊ लागली. मिनिटाला तीस शब्द मोठ्याने वाचणे, पाच शब्द ऐकून लिहिणे, शंभरपर्यंतचे अंक वाचता-लिहिता येणे, अशी मोजता येणारी उद्दिष्टे ठरली. स्वयंसेवकासाठी याचा उपयोग मोठा होता, कारण आज काय घ्यायचे आणि ते जमले की नाही, हे त्याला पाठ संपतानाच कळे. सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे महाराष्ट्रात या अभियानात लवकर उतरले.

या दोन्ही राष्ट्रीय कार्यक्रमांचा भर पंधरा ते पस्तीस या वयोगटावर होता. २०२२ पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात वरची मर्यादा उरलेली नाही. पंधरा वर्षांपुढचा कोणताही निरक्षर त्यात येऊ शकतो, शिकवणारे स्वयंसेवक मानधन घेत नाहीत, आणि पाठ मोबाइलवरही मिळतात.