संदेश-स्विच प्रणालीतील सुरक्षादोष

बँकव्यवहाराचे संदेश स्वीकारून, पडताळून इष्ट स्थळी पोचविणाऱ्या सर्व्हर-प्रणालीतील उणिवा व त्यांचे निवारण. एटीएममध्ये कार्ड सरकविताच निघालेला संदेश ‘स्विच’ या सर्व्हरमार्फत बँकेच्या मूळ खतावणीपर्यंत जातो आणि तेथील मंजुरीवाचून दमडीही हाती पडू नये, अशी योजना असते. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत (स्थापना १९०६) ११ ऑगस्ट २०१८ रोजी नेमकी हीच योजना उलथली. हल्लेखोरांनी बनावट स्विच उभारून खतावणीस बेदखल केले आणि तो तोतया कारकून येईल त्या मागणीवर परस्पर मंजुरीचा शिक्का मारीत राहिला. परिणामी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी व भारतातून अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला ‘स्विफ्ट’ या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश जाळ्यातील संदेशांद्वारे आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला रवाना झाले.

सॉफ्टवेअरची दुरुस्ती वेळीच बसविणे आवश्यक खरे, परंतु एकटे अपुरे. संदेशागणिक गुप्त किल्लीने सिद्ध होणारी मुद्रा, स्विचसाठी विलग जाळे आणि खतावणीशी अखंड ताळमेळ, ही त्रयीच विश्वसनीय म्हणावी लागेल. रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी ऑक्टोबर २०१८ मध्ये मूलभूत सायबर-सुरक्षा चौकट जारी केली व ३१ डिसेंबर २०१९ रोजी तिला चार स्तरांचे रूप दिले. सोलापूरसारख्या यंत्रमागांच्या शहरातील नागरी सहकारी बँकाही तिच्या कक्षेत येतात; ज्यांचा स्वतःचा एटीएम स्विच अथवा स्विफ्ट जोडणी आहे, त्यांना किमान तिसऱ्या स्तराचे नियम लागू होतात.