सात वाजून एकतीस मिनिटं, पंधरा सेकंद

30 सप्टेंबर 2021, गुरुवार. शाळा 4 ऑक्टोबरला उघडायच्या होत्या. तोवर एका सरांचा दहावीचा वर्ग माझ्या छोट्या सिग्नलिंग सर्व्हरवर भरायचा.

6:30 सर आणि सहा मुलं आत. प्रत्येक जण येताना माझा सर्व्हर क्लासच्या वेबसाइटला विचारतो, हा तुमचाच का? होकार आला की ब्राउझरांचे प्रस्ताव, उत्तरं, पत्ते एकमेकांना पोचवतो. तिथं त्याचं काम संपतं. सात जणांत 21 थेट जोडण्या. चित्र-आवाज त्यांच्यातूनच जातात, माझ्याकडून नाही.

6:52 एका मुलाकडची वीज गेली. पाच मिनिटांत तो परत आला.

7:31:15 डीएसटी रूट सीए एक्स3 या मूळ प्रमाणपत्राची 21 वर्षांची मुदत संपली. वर्गात कुणालाच काही जाणवलं नाही. फळ्यावर भिंगाची आकृती चालू होती.

7:50 त्याच मुलाकडची वीज पुन्हा गेली. या वेळी त्याला आत येता येईना. मी क्लासची वेबसाइट उघडून पाहिली. व्यवस्थित उघडली, कुलपाचं चिन्हही जागेवर. मी त्याला राउटर बंद करून चालू करायला सांगितलं. तो बिचारा करत राहिला. ते अजून सलतं.

8:05 आणखी दोघं तुटले. चार जण, सहा जोडण्या. आत होते त्यांचं सगळं सुरळीत होतं, म्हणूनच मला सर्व्हरचा संशय येईना.

8:20 चेहरे कमी होताना पाहून सरांनी स्वतःच पान रिफ्रेश केलं. सर बाहेर. आत तीन मुलं एकमेकांकडे बघत बसलेली.

8:40 लॉगमध्ये एकच ओळ, पुन्हा पुन्हा: प्रमाणपत्राची मुदत संपली. वेबसाइटचं प्रमाणपत्र तर ताजं होतं. माझ्या उबुंटू 16.04 वरचं ओपनएसएसएल 1.0.2 मात्र समोरून आलेली प्रमाणपत्रांची साखळी धरून थेट त्या मेलेल्या मुळापर्यंत जात होतं. वाटेतलं आयएसआरजी रूट एक्स1 त्याच्या स्वतःच्या भरवशाच्या यादीत होतं. तिथं थांबणं त्याला जमत नव्हतं. नव्या ब्राउझरांना जमत होतं. मुदतीची तारीख केव्हाची जाहीर होती. यंत्र मीच जुनं ठेवलं होतं.

9:12 सीए-सर्टिफिकेट्सच्या यादीत ते जुनं मूळ वगळायला त्याच्या ओळीआधी एक उद्गारचिन्ह टाकलं, यादी नव्यानं बांधली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. सर लगेच आत आले. आत उरलेली तिन्ही मुलं जेवायला उठून गेली होती. थोड्या वेळानं एक चौकोन उजळला: वीज गेलेला मुलगा, अजून राउटरशेजारीच बसलेला.