नगारची आणि झिल्जी

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना हसू येईल. ड्रम आणि सिंबलच्या कंपन्यांची नावं कशी उच्चारायची, यावर कसलं आलंय व्याख्यान? पण आपल्या पनवेलच्या आसपास हळदीला, गणपतीला वाजवणाऱ्या बँजो पार्ट्यांतली मुलं सिंबल घ्यायला मुंबईला जातात. अशाच एका दुकानात आमच्यासोबतच्या मुलानं ‘झिलडीजान दाखवा’ म्हटलं आणि काउंटरमागचा माणूस हसला. मुलगा वाजवण्यात कुणाला हार जाणारा नव्हता. तरी पुढे तो नाव न घेता नुसतं बोट दाखवायला लागला. म्हणून आम्ही या नावाच्या मागे लागलो.

हे नाव निघालं कॉन्स्टँटिनोपलहून, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून. अवेदिस नावाचा आर्मेनियन कारागीर तिथं तांबं आणि कथलाच्या मिश्रधातूच्या झांजा घडवायचा. कंपनी आपल्या स्थापनेचं वर्ष १६२३ सांगते, म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी सात वर्षं. तुर्कीत ‘झिल’ म्हणजे झांज. तिला ‘जी’ हा प्रत्यय लागला की झांजेचं काम करणारा, झिल्जी. पुढचं ‘यान’ हे आर्मेनियन आडनावांचं शेपूट, म्हणजे त्या घराण्यातले. आणि हा ‘जी’ आपल्याला परका नाही बरं का! तोच तुर्की प्रत्यय फारसीच्या वाटेनं ‘ची’ होऊन आपल्याकडे आला. तोपची, मशालची, नगारची. आपल्याच जिल्ह्यात रायगडावर नगारखाना आहे. तिथला नगारची आणि इस्तंबूलचा झिल्जी एकाच व्याकरणानं घडलेत. (शाहिराच्या मागे झील धरणारे झीलकरी मात्र या ‘झिल’चे कोणी लागतात असं समजू नका. नुसता कानाचा भास आहे.)

मग मधला ‘डी’ कुठून आला? त्या काळी तुर्की अरबी लिपीत लिहीत. नाव रोमन लिपीत घालताना फ्रेंच वळण घेतलं जाई, आणि फ्रेंचांना ‘ज’ लिहायला ‘डी’ आणि ‘जे’ जोडावे लागतात. म्हणजे ती दोन अक्षरं मिळून एकच ‘ज’. उच्चार झिल्-जि-यन. अमेरिकेत घाईत झिल्जनही म्हणतात.

ऑटोमन फौजेच्या मेहतर वाद्यवृंदातून झांजा युरोपच्या पलटणींत गेल्या. मोझार्टनं १७८२च्या ऑपेरात मुद्दाम तुर्की थाटाच्या झांजा वाजवल्या. इंग्रजांच्या पलटणींबरोबर त्या बँडमधून इकडे आल्या आणि आपल्या लग्नाच्या वरातीत शिरल्या.

आता खरी अडचण लिपीची. मराठीत ‘ज’ आणि ‘झ’ दोन-दोन प्रकारचे आहेत, पण लिहितो एकच. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांकडे असते, ‘माझी’ म्हटलं की टाळूकडे सरकते. ‘इ’ आली की आपला झ असा बदलतोच. म्हणून ‘झिल’ वाचताना तो ‘झिम्मा’तला झ होतो. मूळ नावाला लागतो ‘जरा’मधला ज, त्यालाच ‘इ’ लावायची. नंतरचा ‘जि’ मात्र ‘जिल्हा’तला, तो आपल्याला आयता येतो. एका नावात आपले दोन्ही ज!

सेबियनची कथा भाऊबंदकीची. झिल्जियन घराण्यातले दोन भाऊ कंपनीवरून कोर्टात गेले. धाकट्या रॉबर्टनं १९८१मध्ये कॅनडात वेगळी कंपनी काढली. आडनाव वापरायची सोय उरली नव्हती, म्हणून सॅली, बिली, अँडी या मुलांच्या नावांची पहिली अक्षरं जोडली. त्या हिशेबानं ‘सॅबियन’ व्हायला हवं, पण कंपनीच म्हणते सेबियन. घरचेच नियम पाळत नाहीत तिथं आपल्या पोरानं का लाजावं?

पाइस्टे हे एस्टोनियन नाव. इंग्रजीत पाइस्टी म्हणतात. ‘पेस्ट’ नव्हे, ती दात घासायची. जर्मनीची ती माइनल.

आणि आपणही नावं बदलतोच की. रोलँडनं १९८५च्या सुमारास काढलेला ‘ऑक्टापॅड’ आपल्या ऑर्केस्ट्रांत ‘ऑक्टोपॅड’ झाला, मग कुठल्याही कंपनीचं पॅड असो. रेमोच्या रोटोटॉमचं नुसतं ‘रोटो’ झालं. ते त्या मुलानं विचारलं असतं, तर काउंटरमागचा माणूस मुकाट्यानं काढून देता.