निःशस्त्र हाताची विद्या

सुरत शहराच्या पूर्व अंगाला गोडादरा नावाचा भाग आहे. पोटापाण्यासाठी खानदेश सोडून आलेल्या अनेक मराठी कुटुंबांनी हा परिसर आपलासा केला आहे. येथील एखाद्या तरुणाने सैन्यात जाण्याचे मनावर घेतले, की तो पहाटे धावू लागतो आणि जोर-बैठका काढू लागतो. सैनिकाचे बळ म्हणजे बंदूक, आणि बंदूक पेलण्यासाठी शरीर, एवढाच हिशेब त्याच्या मनात असतो. परंतु हातात काहीही नसताना शस्त्रधाऱ्यासमोर कसे उभे राहावे, याचेही एक शास्त्र आहे. आणि ते शास्त्र मराठी माणसांनी याच गुजरातेत, सुरतेहून आगगाडीने दोन-तीन तासांच्या वाटेवर असलेल्या बडोद्यात जतन केले, हे त्याला क्वचितच ठाऊक असते.

बडोद्याचा जुम्मादादांचा आखाडा एकोणिसाव्या शतकातला. जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद, आणि त्यांचा आखाडा पुढे ज्याने नावारूपाला आणला तो शिष्य हिंदू : गजानन यशवंत तांबे. १८७८ साली जन्मलेले हे गृहस्थ पुढे प्रोफेसर माणिकराव म्हणून सर्व हिंदुस्थानात ओळखले गेले, आणि राजरत्न ही पदवी त्यांच्या नावामागे लागली. गुरूचे नाव त्यांनी व्यायाममंदिरावर कायम ठेवले. मल्लविद्या आणि लाठी यांबरोबर तेथे शस्त्राशी निःशस्त्र झुंज देण्याचीही तालीम चाले. स्वामी कुवलयानंद म्हणून पुढे कीर्ती पावलेले जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. त्यांनीच १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले. बडोद्यातूनच दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी १९३६ पासून १९४९ पर्यंत दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ मराठीत सिद्ध केला. गुरुमुखातून शिष्याकडे जाणारी विद्या अशा रीतीने ग्रंथात उतरली.

या निःशस्त्र झुंजीला बिनोट म्हणतात. समोरच्याजवळ लाठी, तलवार किंवा सुरा आहे आणि आपण रिकाम्या हाताने, फार तर एखादा रुमाल किंवा हातभर काठी घेऊन उभे आहोत, अशी यातली कल्पना. तिचे मर्म साधे आहे. लाठीचा मार सर्वांत जबर बसतो तो तिच्या टोकाशी. धरणाऱ्याच्या मुठीजवळ ती जवळजवळ निरुपद्रवी असते. भ्यालेला मनुष्य स्वभावतः मागे सरतो, आणि मागे सरतो म्हणजे नेमका टोकाच्या टप्प्यात जातो. बिनोटचा उस्ताद शिष्याला पुढे पाऊल टाकायला शिकवतो : वाराची रेषा चुकवायची, अंगाशी भिडायचे, मनगट धरायचे आणि सांधा असा पिळायचा की मूठ आपोआप सुटावी. डाव थोडे, परंतु ते एक पाऊल पुढे पडण्यासाठी महिनेच्या महिने घाम गाळावा लागतो. या शिक्षणात हातांआधी भीतीलाच वळण लावावे लागते.

मराठ्यांच्या इतिहासात या विद्येची कसोटी लागली ती १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी. अफझलखानाच्या मिठीत शिवाजी महाराजांना तलवारीचा उपयोग नव्हता. हाताच्या अंतरावर चालतील अशीच शस्त्रे कामी आली. सय्यद बंडाचा उगारलेला हात जिवा महालाने वरच्या वर छाटला, तो क्षणही विचाराला अवसर न देणारा होता. अशा वेळी मनुष्य नवे काही सुचवून घेत नाही. जे अंगात मुरले असेल तेच बाहेर पडते.

पुढे तोफा आणि बंदुका आल्या, आणि हातघाईचे दिवस संपले असे शहाण्यांना वाटू लागले. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाने हा समज पुसून टाकला. फ्रान्समधील खंदकांत रात्रीच्या छाप्यांत सैनिक सोटे आणि धार लावलेली फावडी घेऊन एकमेकांवर तुटून पडत. शांघायच्या पोलीस दलातील विल्यम फेअरबेर्न या इंग्रज अधिकाऱ्याने जपानी व चिनी विद्यांतून निवडक डाव घेऊन एक पद्धत बसविली, आणि १९४० पासून ब्रिटिश कमांडोंना ती शिकविली. मात्र तिचा रोख शत्रूचा त्वरित प्राण घेण्यावर होता.

दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीचा नाईक यशवंत घाडगे आपल्या तुकडीसह चालून गेला. हा तरुण कोकणातल्या माणगाव तालुक्याचा. वय पुरते तेवीसही नव्हते. जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्याचे सर्व सोबती पडले किंवा जखमी झाले. पाठीशी कोणी नाही हे जाणून तो एकटा पुढे धावला. हातबॉम्बने त्याने मशीनगन व तिचा गोलंदाज गारद केला, आणखी एकाला गोळी घातली. आणि नवी काडतुसे भरायला वेळ नाही असे पाहून आपली बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने लोळविले. जिंकलेल्या त्याच मोर्चात शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपले. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. यंत्रयुगाच्या ऐन भरात शेवटचा निकाल एका माणसाच्या दोन हातांनी लागला.

या घटनेलाही पाऊणशे वर्षे होऊन गेली, आणि १५ जून २०२० ची रात्र उजाडली. वास्तविक नियंत्रणरेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करू नये, असा करार भारत व चीन यांनी १९९६ साली केला होता. लडाखच्या गलवान खोऱ्यात त्या रात्री बंदुका मौन राहिल्या. परंतु दगड, दांडे आणि काटेरी सोटे यांनी जी झुंज झाली तीत कर्नल संतोष बाबू यांच्यासह वीस भारतीय सैनिक कामी आले. त्यानंतरच्या काळात सैन्याने निःशस्त्र झुंजीचा एक नवा क्रम आखला. त्याचे संक्षिप्त नाव ‘अमर’ असे आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. हाताने मनुष्य मारण्याची कला शिकविणे हे सुसंस्कृत समाजाला शोभते काय? माणिकरावांचे जीवन या प्रश्नाचे उत्तर देते. ते जसे झुंजीचे आचार्य तसेच नामांकित हाडवैद्यही होते. कोणता सांधा कसा पिळला असता निखळतो हे ज्या बोटांना कळे, त्याच बोटांनी ते निखळलेले सांधे बसवीत. ज्याला शत्रूच्या हातातील शस्त्र काढून घेता येते, त्याला प्रत्येक वेळी त्याचा प्राण घ्यावा लागत नाही. मारावे की सोडावे हे ठरविण्याची सत्ता त्याच्याकडे राहते. अशिक्षित भयाला अशी निवड नसते. ते एक तर पळते, नाही तर क्रूर होते.

माणिकराव १९५४ साली निवर्तले. गोडादऱ्याच्या मैदानात पहाटे धावणाऱ्या तरुणाला उद्या सैन्यात निःशस्त्र झुंजीचे पहिले धडे मिळतील, तेव्हा त्याने एवढे ध्यानी ठेवावे, की एका मुसलमान उस्तादाची ही ठेव एका मराठी शिष्याने त्याच्या शेजारच्याच शहरात सांभाळली होती, आणि तिच्या जोडीला हाडे सांधण्याची विद्याही ठेवली होती.