मावळातला खर्ज : ढोलापासून डब्यापर्यंत

भोर-वेल्ह्याकडच्या एखाद्या मिरवणुकीत टेम्पोवर रचलेली बेसच्या डब्यांची भिंत दिसली की जाणती माणसे म्हणतात, परंपरा बुडाली. आणि पोलीस म्हणतात, कायदा मोडला. दोन्हींत तथ्य आहे. पण त्या डब्याकडे, म्हणजे प्लायवूडच्या पेटीकडे, तिच्या पोटातल्या हवेकडे आणि तोंडाशी ठेवलेल्या आयताकृती भोकाकडे, इतिहासाची वस्तू म्हणून कुणी पाहत नाही. तसे पाहिले तर ही पेटी मावळातल्या ढोलाची वारस ठरते. मिरवणुकीला खर्ज हवा, छातीत उतरणारा ठोका हवा, ही मागणी इथे फार जुनी आहे. डीजेने ती निर्माण केली नाही, फक्त पुरवली. त्या खर्जाला पूर्वी एक हिशोब होता. बिघडला तो हिशोब, आणि हे कसे घडले ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

हिरडस मावळ, रोहिड खोरे आणि वेळवंड खोरे भोरकडे. गुंजण मावळ आणि कानद खोरे वेल्ह्याकडे, जो आता राजगड तालुका म्हणून ओळखला जातो. राजगड, तोरणा आणि रोहिडा या किल्ल्यांच्या सावलीतला हा मुलूख पंतसचिवांच्या संस्थानात होता आणि १९४८ साली भोर संस्थान विलीन झाल्यावर पुणे जिल्ह्याचा भाग झाला. दऱ्या अरुंद, गावे डोंगराच्या कुशीत, पाऊस भरपूर. अशा ठिकाणी गावकीच्या उत्सवाचे मुख्य वाद्य ढोल असावे यात नवल नाही. कारण खालच्या पट्टीचा आवाज दूर जातो. चार हजार हर्ट्झचा तीक्ष्ण आवाज हवा किलोमीटरमागे वीस-पंचवीस डेसिबल गिळून टाकते, तर पन्नास हर्ट्झच्या आवाजाला ती जवळजवळ हात लावत नाही. समोरच्या वाडीवर झांज पोचत नाही, ढोल पोचतो. मुळशी, मावळ, भोर आणि वेल्हे या तालुक्यांतली ढोल-लेझीम पथके पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मानाने बोलावली जात. आज पुण्याची म्हणून ओळखली जाणारी शहरी ढोल-ताशा पथके त्यानंतरची. त्यांचे मूळ या खोऱ्यांत आहे, हे पुण्याने विसरू नये.

ढोल हीसुद्धा एक पेटीच आहे. दोन तोंडांना दोन पाने ताणलेली आणि मध्ये कोंडलेली हवा. एका पानावर टिपरू पडते, दुसऱ्यावर हाताची थाप. एक पान हलले की आतली हवा दुसऱ्याला हलवते. ढोलाचा घेर, खोडाची लांबी, पानाचा ताण आणि जाडी यांवर त्याचा सूर ठरतो, म्हणजे ढोल लावावा लागतो. भाद्रपदात, ऐन पावसात, कातडी पान सैल पडायचे. दोऱ्या ओढणे आणि शेकोटीवर पान तापवणे हे वादनाइतकेच महत्त्वाचे काम होते. पुढे फायबरची पाने आली ती याच त्रासामुळे. खर्ज आपोआप मिळत नाही, पोकळी आणि पडदा यांचा मेळ बसवून तो मिळवावा लागतो, हे ज्ञान या खोऱ्यांत कोणत्याही सूत्राशिवाय होते.

आता मधला काळ पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा तिथे आहे. लाऊडस्पीकर खेड्यात आला तो भोंग्याच्या रूपाने. दिल्लीची अहुजा कंपनी १९४० पासूनची आहे. तिची मशिने आणि कर्णे पुढे देशभरच्या लग्नमांडवांत, जत्रांत, सभांत वाजले. भोंगा शब्दासाठी घडवलेला असतो. साधारण तीनशे हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ मुका. तो काही एका जागी बांधलेला नव्हता. निवडणुकीच्या जीपवर आणि सिनेमाच्या जाहिरातीच्या टांग्यावर तो गावोगाव फिरला. तरीही त्याने ढोलाची जागा घेतली नाही. मांडवात भोंगा आणि मिरवणुकीत ढोल अशी वाटणी टिकून राहिली. ब्रास बँड आला, त्याच्याजवळ स्वतःचा मोठा ड्रम होता, तरी तो बहुतेक लग्नाच्या वरातीपुरता राहिला. म्हणजे यंत्राचा नुसता मोठा आवाज ढोलाला हटवू शकला नाही. तो हटला तेव्हाच, जेव्हा यंत्राला खर्ज आला.

यंत्राला खर्ज कसा आला, याचा इतिहास मावळाबाहेरचा आहे. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबतो आणि मागची ओढतो. पुढची आणि मागची लाट एकत्र आली की खालचे सूर एकमेकांना खोडतात. म्हणून उघडा स्पीकर बेस देत नाही. मागची लाट बंद पेटीत कोंडली तर ही खोडाखोड थांबते, पण निम्मी मेहनत वाया जाते. हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात पोकळी आणि तिच्या तोंडातली हवा कशी घुमते याचे गणित मांडले होते. रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकर मारली की जो हुंकार उठतो, त्याचेच ते गणित. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांनी ते स्पीकरला लावले आणि १९३२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. पेटीला मोजून-मापून एक तोंड ठेवायचे, म्हणजे ठरलेल्या सुराजवळ आतली हवा मागच्या लाटेला उलटवून पुढच्या लाटेच्या जोडीला आणते. त्या सुरावर पडदा जवळजवळ स्थिर असतो आणि बहुतेक आवाज त्या भोकातून येतो. पेटीचे घनमान, तोंडाचे क्षेत्रफळ आणि बोगद्याची लांबी, या तीन मापांवर सूर ठरतो. उदाहरणार्थ, दोनशे लिटरच्या पेटीला पाचशे चौरस सेंटीमीटरचे तोंड आणि अर्ध्या मीटरचा परिणामकारक बोगदा दिला तर ती साधारण ३९ हर्ट्झला घुमते. प्रत्यक्षात लाकडी बोगदा तीस-बत्तीस सेंटीमीटरच ठेवायचा, कारण दोन्ही टोकांशी थोडी हवा बोगद्याबाहेरही त्याच्याबरोबर हलत असते. कोणत्या स्पीकरला कोणती पेटी हे नेमके सांगणारा हिशोब मात्र ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांच्या १९६१ च्या निबंधाने आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांच्या कामाने हाती आला. ढोल लावणारा जे कानाने करत होता, ते आता कागदावर करता येऊ लागले.

खोऱ्यात हे थेट आले नाही. रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड १९८५ मध्ये निघाला. तो, कीबोर्ड आणि बँजो यांच्या पार्ट्या टेम्पोत बसून वाजवू लागल्या आणि टेम्पोवर जनरेटर चढला. वाद्यवृंद चाकांवर आला ही डीजेची पूर्वतयारी होती. दुसरे कारण माणसांचे आहे, आणि ते मला आवाजाइतकेच मोठे वाटते. ढोल-लेझीमचे पथक उभे राहायला तीस-चाळीस तरणी पोरे लागतात, आणि उत्सवाआधी कित्येक संध्याकाळी ती गावात असावी लागतात. डाव बसवणे, ठेका एक करणे, झांजेची जागा चुकू न देणे हे पाहुणा म्हणून आलेल्याला जमत नाही. धरणांनी जमिनी घेतल्या. भाटघर १९२८ चे, पानशेत त्यानंतरचे. शेती तुटपुंजी, पुणे-मुंबई जवळ. पोरे उत्सवाच्या आदल्या रात्री एसटीने येतात आणि विसर्जनानंतर परततात. अशा गावाला सराव न मागणारा खर्ज हवा होता. तो भाड्याने मिळू लागला तेव्हा गावाने घेतला. म्हणून डीजेमुळे ढोल गेला असे म्हणणे उलटे आहे. ढोलाचे हात आधी गेले, मोकळ्या जागेत पेटी आली.

यावर कुणी म्हणेल, मग हा केवळ स्थलांतराचा परिणाम, खर्जाचा प्रश्न येतोच कुठे? येतो, तो असा : हात कमी झाले तेव्हा गावाने भोंगा लावून भागवले नाही, बँजोवरही ते थांबले नाही. ज्या साधनात बेस होता तेच निवडले आणि दरवर्षी त्याचे डबे वाढवले. जागा माणसांनी रिकामी केली, पण ती कशाने भरायची हे जुन्या कानाने ठरवले.

हिशोब बिघडला तो इथून पुढे. भोकाची पेटी ही नाजूक रचना आहे. तिच्या सुराच्या खाली गेले की आतल्या हवेचा आधार सुटतो, पडदा वाटेल तसा फडफडतो आणि स्पीकर निकामी होऊ शकतो. म्हणून सुराखालचे सारे गाळणारा फिल्टर हवाच. तोंड लहान ठेवले तर बोगद्यातली हवा इतक्या वेगाने ये-जा करते की बेसऐवजी फुसफुस ऐकू येते. वेग सेकंदाला सतरा मीटरच्या आत राहावा असा साधारण संकेत आहे. फळ्या पातळ असल्या, आत आडवे टेकू नसले, तर पेटीचे अंगच घुमते आणि ठोका चिखलासारखा पसरतो. टेम्पोचा पत्राही सोबत थरथरतो. नामांकित डब्याची नक्कल करून दुसरा डबा बनवताना बाहेरची मापे सहज उतरवता येतात. आतल्या स्पीकरचे गुणधर्म वेगळे असतील तर तीच मापे चुकीची ठरतात. काही डब्यांत भोकाऐवजी दुमडलेला कर्णा असतो, त्याचे गणित वेगळे, पण नकलेचा दोष तोच. मग कमी पडलेला बेस भरून काढायला वॅट वाढवले जातात. वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त तीन डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटावा तर शक्ती सुमारे दसपट लागते. जनरेटर मोठा, गाडी मोठी, डबे जास्त, आणि शेजारच्या मंडळापेक्षा एक थर वर. चांगल्या पेटीने जे मोजक्या शक्तीत दिले असते, ते वाईट पेट्यांची भिंत कान फोडून देते. याला मी संगीताचा अपमान म्हणतो, आणि कारागिरीचाही.

सर्वांत गंभीर आक्षेप ढोलाचे गोडवे गाण्यालाच आहे. महाराष्ट्रात वाजवण्याचे काम पुष्कळदा जातीने लादलेले होते. हलगी कुणी वाजवायची आणि मिरवणुकीत कुणी मागे चालायचे हे ठरलेले असे. ज्यांच्या आजोबांनी ते हुकमाने वाजवले, त्यांनी स्वतःच्या पैशाने स्वतःच्या उत्सवात डीजे लावला तर त्याला नुसता गोंगाट म्हणणे अन्याय आहे. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पेटीने वाजवणाऱ्याची जात पुसली हे तिचे मोठे काम आहे. पण त्यातून पेटी वाईट बनवण्याचा किंवा पाळण्यातल्या पोराच्या कानावर ती रोखण्याचा हक्क निघत नाही. उलट चांगला, लावलेला खर्ज मिळण्याचा हक्क सर्वांना आहे असेच निघते. दुसरा आक्षेप असा की पन्नास ढोलही शंभर डेसिबलच्या पुढे जातात. जातात, आणि त्यांनाही मर्यादा हवी. तरी एक फरक उरतो. ढोलाचा ठोका क्षणात विरतो आणि पुढचा ठोका मारणारा हात दमतो. त्या दमण्याने आवाजाला आपोआप विसावा मिळे. पेटी दमत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सुरक्षित मानला तर दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. शंभर डेसिबलला उरतात जेमतेम पंधरा मिनिटे, आणि मिरवणूक चालते तासन्‌तास.

कायद्याने हा प्रश्न हाताळला, पण ढोलाच्या खोऱ्यात त्याचे माप तोकडे पडते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद केला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अंमलबजावणीवर भर दिला. पण हे डेसिबल 'ए' मापाचे आहेत. हे माप हळू आवाज ऐकताना कानाला खालचे सूर कमी जाणवतात त्या बेताने बेसला सूट देते : पन्नास हर्ट्झला सुमारे तीस डेसिबल. त्या सुराचा ११० डेसिबलचा ठोका मीटरवर ८० दाखवतो. गाडीजवळ तिखट आवाजही असतात, तिथे मर्यादा ओलांडल्याचे मीटर दाखवतेच. पण दरीपलीकडच्या वाडीवर हवेने तिखट आवाज गाळलेले असतात. उरतो नुसता बेस, ज्याने कौले आणि खिडक्या थरथरतात आणि 'ए' माप त्याला जवळजवळ मोजत नाही. 'सी' मापात याच सुराला सव्वा डेसिबलचीच सूट आहे. कुणी म्हणेल, आहे तोच नियम पाळला जात नाही, त्यात आणखी एक माप कशाला? अंमलबजावणी ढिली आहे हे खरे. पण तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मीटरने खोटे पाडले तर त्याची तक्रार दुसऱ्यांदा येत नाही, आणि अंमलबजावणी आणखी ढिली होते. बहुतेक ध्वनिमापकांत 'ए' आणि 'सी' दोन्ही मापे असतात, बदलायला एक कळ दाबावी लागते. परवाना देताना गाडीपासून ठराविक अंतरावर दोन्ही आकडे लिहून घेतले, तर थर वाढवण्यापेक्षा पेटी नीट लावण्यात डीजेवाल्याचा फायदा राहील. कारण नीट लावलेली पेटी कमी डब्यांत, कमी डिझेलवर, ठरलेल्या आकड्याच्या आत तोच ठोका स्वच्छ देते. भोर आणि वेल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांना हे येत्या भाद्रपदाच्या आधी करता येण्यासारखे आहे.