मातीच्या बाईची पाठ

आधी रेनडिअरचं कातडं अंगावर ओढून घ्या, केसाळ बाजू आत. इथला वारा थेट हाडांत शिरतो. तुम्ही आजच्या चेक देशात, पावलोव्हच्या डोंगरांखाली, दोल्नी व्येस्तोनित्सेला उतरला आहात. सुमारे तीस हजार वर्षं मागे.

डोळे झोंबताहेत ना? शेकोटीत लाकडाबरोबर मॅमथची हाडंही जळताहेत. त्यांचा चरबट धूर केसांत, कातड्यांत, घशात बसतो. पोरं कलकलाट करताहेत, कुणी गारगोटी फोडतंय, शेजारी कातडं खरवडायची खरखर अखंड चालू आहे. या गर्दीत खांद्याला खांदा घासूनच बसावं लागतं. ऊब तेवढीच.

आता बायका बघा. काटक आहेत. चालून चालून पोटऱ्या घट्ट झाल्यात, बोटांना चिरा पडल्यात. एक जण मांडीवर झाडपाल्याचे तंतू वळतेय, पलीकडची त्यांचंच कापड विणतेय. त्या विणीचे ठसे ओल्या मातीत उमटतील, भाजले जातील आणि संशोधकांच्या हाती लागतील. कोपऱ्यातल्या बाईच्या चेहऱ्याची एक बाजू वाकडी आहे. तिच्याकडे टक लावून बघू नका. ती गेली की हीच माणसं तिला गेरूने माखतील, वर मॅमथच्या खांद्याची दोन हाडं ठेवतील आणि सोबत एक कोल्हा देतील.

तडतड! मागे सरा! भट्टीत मातीचं जनावर फुटलं. लवंगी माळ लागावी तसे तुकडे उडतात आणि पोरं खिदळतात. ओली माती आगीत फुटणारच. काही अभ्यासकांच्या मते ही माणसं अशा मूर्ती मुद्दामच फोडत. राखेत अशा तुकड्यांचा खच पडलाय.

ही मातीची बाई मात्र टिकली. घ्या हातात, अजून कोमट आहे. जेमतेम 11 सेंटिमीटरची. ओघळलेले जड स्तन, रुंद कंबर, डोळ्यांच्या जागी दोन तिरक्या चिरा. पावलं नाहीतच. आता पालथी करा. पाठीवर दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा आहेत, मांसाच्या वळ्यांच्या.

सगळं मर्म मला त्या रेघांत दिसतं. भरल्या अंगाची बाई जवळून, मायेने न्याहाळल्याशिवाय पाठीवरची वळी कुणाला सुचणार? पुढून बघून ‘सुफलतेची देवी’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, हे मला पटत नाही. या कडाक्यात, रोजच्या पायपिटीत असं अंग टिकवणं सोपं नव्हतं. ज्या कुणी ही घडवली, तिने किंवा त्याने ते अंग पाहिलेलं होतं.

आणखी एक खूण शोधा. भाजण्याआधी कुणीतरी हिला हाताळलं आणि पाठीवर बोटाचा ठसा राहिला. तो 7 ते 15 वर्षांच्या मुलाचा असावा, असा अंदाज आहे.

1925 मध्ये ही बाई राखेत दोन तुकड्यांत सापडली. आज ती ब्रनोच्या मोराव्हियन संग्रहालयाची आहे, पण प्रदर्शनात क्वचितच येते. कधी योग आला, तर काचेला वळसा घालून मागच्या बाजूला जा. तिची पाठ बघा.