डाख, चपडा आणि पेट्रोल : ब्रह्मपुरीच्या वाटेवरील जुन्या मोटारींच्या इंधननळ्या

चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्या सीमेवर वसलेले ब्रह्मपुरी हे गाव मोटारींच्या दृष्टीने एका लांब वाटेवरचा महत्त्वाचा मुक्काम ठरले, कारण नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड असा येणारा रस्ता येथून वैनगंगा ओलांडून आरमोरीला आणि पुढे गडचिरोली, आलापल्ली, सिरोंचा या दाट अरण्याच्या मुलखात जातो. बंगाल-नागपूर रेल्वेचा गोंदिया ते चांदा (आजचे चंद्रपूर) हा अरुंद रूळमार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत या भागात आला. परंतु वैनगंगेपलीकडे, २६ ऑगस्ट १९८२ रोजी ज्याचा स्वतंत्र गडचिरोली जिल्हा झाला त्या प्रदेशात, वडसा सोडले तर रेल्वे पोहोचलीच नाही. लाकूड, बांबू आणि तेंदूपत्ता यांची वाहतूक, वनखात्याची फिरती आणि दवाखान्याची ये-जा ही सारी मोटारीवर अवलंबून राहिली. अशा मुलखात वाटेत गळू लागलेली इंधननळी म्हणजे मदतीपासून कित्येक कोस दूर अडकून पडणे होते.

इंधननळी म्हणजे टाकीपासून इंजिनापर्यंत पेट्रोल वाहून नेणारी बारीक नळी होय. फियाट किंवा अॅम्बॅसिडरसारख्या मोटारींत टाकी मागे आणि इंजिन पुढे असल्यामुळे ही नळी गाडीच्या पोटाखालून सबंध लांबीभर धावते, तर युद्धकालीन विलिस जीपमध्ये टाकी चालकाच्या बैठकीखालीच असल्याने तिचा प्रवास पुष्कळ आखूड असतो. इंजिनाला बसवलेला पंप आपल्या लवचीक पडद्याच्या हालचालीने पेट्रोल ओढून कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे, ढकलतो. या जुन्या पंपाचा दाब साधारणतः वातावरणाच्या दाबाच्या एक-चतुर्थांशाइतका असे, आणि दुरुस्तीची जी कला पुढे विकसित झाली तिचा सारा आधार या अल्प दाबावरच होता, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची मानली पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर शिधावाटप लागू झाले, तेव्हा अनेक मोटारींना कोळसा जाळून वायू तयार करणारी भट्टी जोडण्यात आली. युद्ध संपल्यावर लष्कराने निकाली काढलेल्या जीपा आणि ट्रक देशभर विकले गेले, १९४७ पासून महिंद्रा कंपनीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या आणि १९५४ मध्ये टाटा-मर्सिडीज ट्रक आला. त्याच सुमारास, सुटे भाग देशातच बनवावेत या सरकारी धोरणामुळे फोर्ड व जनरल मोटर्स यांनी येथील जुळणीचे कारखाने बंद केले. त्यांच्या हजारो गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या आणि आयात भाग दुर्मिळ व महाग झाल्यामुळे नळी बदलण्यापेक्षा ती सांधणे हाच रिवाज पडला.

सांधण्याचे हे ज्ञान मोटारीबरोबर आलेले नव्हते. शेजारचा भंडारा पितळेच्या कामासाठी प्रसिद्ध होता, आणि तांबट, कासार, सोनार यांच्या हातातील कथील, नवसागर, टाकणखार ही सामग्री व डाख देणे (कथलाने सांधणे), झाळणे ही क्रियापदे मोटारीच्या मिस्त्रीच्या हाती व तोंडी जशीच्या तशी दिसतात. तांब्याची नळी पंपाला जोडताना तिचे टोक कर्ण्याच्या तोंडासारखे पसरवून पितळी नटाखाली आवळले जाते. परंतु गाडीच्या सततच्या हादऱ्याने तांबे कठीण होत जाते आणि नेमके त्या पसरट तोंडाच्या मानेशी केसाएवढी चीर पडते. अनुभवी मिस्त्री तेथे डाख देऊन थांबत नाही, तर चिरलेला तुकडा कापून टाकतो, उरलेले टोक मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतो, ज्यामुळे तांबे पुन्हा मऊ होते, नवे तोंड पसरवतो आणि पंपापाशी नळीला एक वेटोळे देतो, जेणेकरून पुढचे हादरे त्या वेटोळ्यात जिरून जावेत. धातूचा स्वभाव ओळखून केलेल्या अशा कामाला निव्वळ जुगाड म्हणणे अन्यायाचे आहे.

टाकीच्या गळतीला याहून अधिक जपावे लागे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा कितीतरी पटींनी जड असल्याने ती तळाशी साचते, आणि म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक घातक ठरते. डाख देण्यापूर्वी टाकी धुऊन, सांधायची जागा तेवढी वर राहील अशा बेताने पाण्याने काठोकाठ भरून घेण्याची रीत यातूनच रुजली. वाटेत टाकी फुटली तर धुण्याच्या साबणाचा गोळा मळून चिरेत दाबला जाई, कारण साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, तर डांबर किंवा राळ विरघळून जाते.

दुरुस्तीच्या या सामग्रीत एक पदार्थ तर खास वनाचाच होता. पळस, कुसुम, बोर या झाडांवर राहणाऱ्या लाखेच्या किड्याच्या स्रावापासून मिळणारी लाख पूर्व विदर्भातील जुने वनोत्पन्न होय, आणि ती धुऊन, वितळवून, पातळ पत्र्यासारखी ताणली की चपडा, म्हणजेच शेलॅक, तयार होतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा सांध्याला लावला की स्पिरिट उडून जाते आणि मागे राहणाऱ्या थराला पेट्रोल काही करू शकत नाही, म्हणून गॅस्केट बसवताना आणि नटांच्या पेचांवर शेलॅक लावणे जगभरच्या गॅरेजांत रूढ झाले. किड्याने पळसावर केलेले हे काम दूर देशी बनलेल्या इंजिनाचा सांधा धरून ठेवत असे, ही बाब वनोत्पन्नाच्या इतिहासात आजवर पुरेशी नोंदली गेली नाही, असे म्हणावे लागते.

ब्रह्मपुरीचा उन्हाळा ही एक वेगळीच अडचण होती. येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पेट्रोलमधील हलके घटक त्याआधीच उकळू लागतात. त्यातच पंप ओढत असल्यामुळे टाकी ते पंप या टप्प्यात दाब आणखी घटतो, नळीत वाफेचे बुडबुडे धरतात आणि गळती नसतानाही इंधन तुटते. पंपावर ओले फडके गुंडाळून ते मधून मधून भिजवत राहणे हा त्यावरचा सर्वश्रुत उपाय होता.

डिझेलच्या ट्रकात गळतीचे रूप याहून फसवे असते, कारण ओढीच्या बाजूला सैल झालेल्या सांध्यातून डिझेल बाहेर न येता हवाच आत शिरते, गाडीने एअर घेतली असे चालक म्हणतात आणि हातपंप मारून, नट सैल करून, फेस जाऊन निखळ धार येईपर्यंत एअर काढावी लागते.

या व्यवसायाने शरीराची किंमतही वसूल केली. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढण्याची सवय सर्वत्र होती आणि १ फेब्रुवारी २००० रोजी देशभर शिसेमुक्त पेट्रोल लागू होईपर्यंत त्या घोटाबरोबर शिशाचे विषारी संयुगही पोटात जात असे.

पुढे कार्बोरेटरची जागा विद्युतनियंत्रित फवाऱ्याने घेतली आणि नळीतील दाब पूर्वीच्या दहापटीहून अधिक झाला, तेव्हा साबण, डाख व साधी रबरी नळी यांचा काळ संपला. अशा नळीवर जुने उपाय करणे म्हणजे आगीला बोलावणे होय. जुन्या गाड्यांपुढचे संकट मात्र इंधनातूनच आले. महाराष्ट्रासह नऊ राज्यांत २००३ पासून पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवते व ठिसूळ करते, हवेतील ओल शोषून टाकीत गंज धरवते, आणि ते मद्यार्कच असल्यामुळे ज्या चपड्याला पेट्रोल हात लावू शकत नव्हते तो चपडा त्यात सुटू लागतो. त्यामुळे जुनी जीप आज दुरुस्तीला आली, तर फ्लोरिनयुक्त रबराची नळी घालतानाच पूर्वी शेलॅक लावलेला प्रत्येक सांधा उघडून, खरवडून, नव्याने बसवावा लागतो.